सन ११८६, पण कुठला?

मी पुण्यात मोडी कागद वाचून लिप्यंतर करून देते. मागच्या वर्षी साताऱ्याकडचे एक काका दोन कागद घेऊन आले, सोबत कुणीतरी आधी करून दिलेलं लिप्यंतर. त्यावरून त्यांच्या घरात पक्कं बसलं होतं की मूळपुरुष १७७६ ला वारला आणि इनाम मुलाच्या नावावर झालं ते थेट १७८५ ला. मधली नऊ वर्षं त्या बाईनं लहान पोर घेऊन कशी काढली असतील, हे सांगताना काकांचा आवाज जड झाला.

पहिल्या कागदावर श्रावण महिना आणि सन 'सबा सबैन मया व अलफ'. हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना, आकडे अरबी शब्दांत आणि एकम आधी, म्हणजे सात, सत्तर, शंभर, हजार, झाले ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६, बरोबर. दुसऱ्यावर नुसतं आकड्यात ११८६, तेही शुहूरच धरून १७८५ काढलेलं. मला ते खटकलं, बरोब्बर नऊचा फरक बघितला की आमच्या कामात कान टवकारतातच. झेरॉक्सवर घडीपाशी काळा पट्टा होता म्हणून मूळ कागद मागितला, उन्हात तिरका धरला तर घडीत 'फसली' दिसलं, म्हणजे शुहूर नव्हे तर महसुलाची दुसरीच कालगणना, आणि वर पुसट 'शके १६९८ दुर्मुखनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध'. शके १६९८ चा कार्तिक म्हणजे १७७६ च!

काकांना मग नीट सांगितलं. हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, त्यामुळे पेरणी-सुगीशी त्याचा मेळ राहत नाही आणि शेतसाऱ्याचा हिशोब बिघडतो. म्हणून हिजरी ७४५ चा आकडा घेऊन १३४४ पासून शुहूर सन सूर्यावर चालवला, मृग लागला की नवं साल. दख्खनची फसलीही मृगालाच बदलते, पण ती शहाजहानच्या काळात १६३६ ला हिजरी १०४६ चा आकडा घेऊन सुरू झाली, आणि या मधल्या २९२ वर्षांत हिजरी ३०१ वर्षं पुढे गेली होती. तेच ते नऊ. शुहूर ११७७ आणि फसली ११८६ हे एकच साल आहे हो, आपला शेतकरी ज्या पावसाकडे डोळे लावून बसतो तिथूनच दोन्ही सुरू होतात, किती सुंदर आहे हे!

काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे ताई, श्रावणात तो गेला आणि कार्तिकात नावावर झालं?" मी हो म्हटलं. त्यांनी तिथूनच गावी फोन लावला, "आक्का, इनाम त्याच साली झालं होतं गं, दिवाळी झाल्या झाल्या."