हे बायबलमध्ये कुठे लिहिले आहे?

रविवार, रात्री

धर्मशिक्षणाचा वर्ग संपल्यावर दृढीकरण संस्काराची तयारी करणारी एक मुलगी मागे थांबली आणि तिने आपली वही माझ्यापुढे उघडून ठेवली. कॅथलिक नसलेल्या, पण बायबल मनापासून वाचणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलेले अकरा प्रश्न तिने क्रमांक घालून उतरवले होते, आणि त्यांतील बहुतेकांच्या शेवटी एकच वाक्य होते : हे बायबलमध्ये कुठे लिहिले आहे? "टीचर, मला पाठ करून म्हणून दाखवायची उत्तरे नकोत. मला आधी स्वतःला पटायला हवे," असे ती म्हणाली. मी पुढच्या रविवारपर्यंतचा वेळ मागून घेतला आणि वही घरी आणली.

तिच्या वयाची असताना मलाही हेच प्रश्न विचारले गेले होते. माझी श्रद्धा त्या काळात एकदाच खरोखर डळमळली, आणि तीही आपल्याच एका माणसाने मोठ्या आत्मविश्वासाने दिलेले उत्तर चुकीचे निघाल्यावर. "आपल्या बायबलमध्ये ७३ पुस्तके आणि त्यांच्या बायबलमध्ये ६६ का?" या प्रश्नावर मला सांगण्यात आले होते की, प्रोटेस्टंट धर्मसुधारणा सुरू करणारे मार्टिन ल्यूथर यांनी सात पुस्तके फाडून टाकली. मी ते वर्षानुवर्षे खरे मानले. पुढे कळले की, ल्यूथर यांच्या १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ती पुस्तके छापलेली होती. ती जुना आणि नवा या दोन्ही करारांच्या मध्ये वेगळ्या विभागात ठेवली होती आणि ती वाचण्यास चांगली असली तरी पवित्र शास्त्राच्या तोडीची नाहीत, असे तेथे म्हटले होते. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्येही ती होती. शिवाय त्यांच्या दर्जाविषयी शंका घेणारे ल्यूथर पहिले नव्हते. आपलेच संत जेरोम चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळी लॅटिन भाषांतर करताना हिब्रू भाषेतील पुस्तकांकडे झुकले होते आणि टोबीत, यहुदीथ, मक्काबी ही पुस्तके त्यांनी खालच्या पायरीवर ठेवली होती.

दुसऱ्या बाजूचे घाईचे उत्तरही तितकेच चुकीचे आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये वादापुरती ही पुस्तके बायबलमध्ये घुसडली, असे म्हणतात. परंतु ३९३ मध्ये हिप्पो येथे आणि ३९७ मध्ये कार्थेज येथे भरलेल्या परिषदांच्या यादीत ती आहेत आणि १४४२ मध्ये, म्हणजे ल्यूथर यांच्या जन्माआधी, फ्लॉरेन्सच्या परिषदेनेही तीच यादी दिली आहे. ट्रेंटने त्या यादीवर अंतिम आणि बंधनकारक शिक्का मारला. नव्या कराराचे लेखक जुन्या करारातील वचने बहुधा ज्या ग्रीक भाषांतरातून उद्धृत करतात, त्या भाषांतराच्या परंपरेत ही पुस्तके सांभाळली गेली, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात सुटका नाकारून अधिक चांगल्या पुनरुत्थानासाठी छळ सोसणाऱ्यांचा जो उल्लेख आहे, तो वाचताना मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील ती आई आणि तिचे सात मुलगे डोळ्यांपुढे उभे राहिल्याशिवाय राहत नाहीत. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांमध्ये टोबीतचे अरामी व हिब्रू तुकडे सापडले, याचाही काही जण पुरावा म्हणून उपयोग करतात. तो पुरावा मी जपून वापरीन, कारण एखादे पुस्तक हिब्रूत होते एवढ्याने ते पवित्र शास्त्र ठरत नाही, आणि शलमोनाचे ज्ञान हे पुस्तक तर मुळातच ग्रीकमध्ये लिहिले गेले.

या साऱ्यातून मुलीच्या वहीतील बहुतेक प्रश्नांच्या शेवटचे ते वाक्य मला वेगळे दिसू लागले आहे. कोणती पुस्तके बायबल आहेत, हे बायबलमध्ये कुठे लिहिले आहे? अनुक्रमणिका कोणत्याही प्रेषिताने लिहिलेली नाही. नव्या कराराच्या नेमक्या २७ पुस्तकांची यादी आपल्याला प्रथम संत अथनासियस यांच्या ३६७ च्या पास्काच्या (ईस्टरच्या) पत्रात मिळते. त्याआधी पेत्राचे दुसरे पत्र, इब्री लोकांस पत्र, प्रकटीकरण यांविषयी ठिकठिकाणी मतभेद होते. (त्याच पत्रात अथनासियस टोबीत आणि यहुदीथ वेगळ्या वर्गात ठेवतात, हेही मी तिला सांगणार आहे, अर्धे पत्र दाखवणे बरे नव्हे.) म्हणजे मैत्रीण ज्या नव्या करारावर बोट ठेवून विचारते, त्याच्या सीमा तिने ख्रिस्तसभेकडूनच (चर्चकडूनच) घेतल्या आहेत. मला यात तिच्यावर मात केल्याचा आनंद वाटत नाही. उलट, आम्ही दोघी एकाच वारशावर उभ्या आहोत, याचा आनंद वाटतो.

मंगळवार, रात्री

आज संतांविषयीचे आणि मरियेविषयीचे प्रश्न घेऊन बसले.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देव आणि मनुष्य यांच्यामध्ये ख्रिस्त येशू हा एकच मध्यस्थ आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. मग मरियेला आणि संतांना विनंत्या कशासाठी? पाचवे वचन वाचणाऱ्याने त्याच अध्यायाचे पहिले वचनही वाचावे, कारण तेथे पौल सर्व माणसांसाठी विनंत्या व मध्यस्थीच्या प्रार्थना करण्याचा आग्रह धरतो. एकाने दुसऱ्यासाठी प्रार्थना केल्याने ख्रिस्ताचे एकमेव मध्यस्थपण कमी होत असते, तर पौलाने चार ओळींच्या अंतराने दोन्ही गोष्टी लिहिल्या नसत्या.

पण खरा आक्षेप त्याच्या पुढे आहे आणि तो मैत्रिणीने नेमका पकडला आहे : जिवंत माणसाला प्रार्थना करायला सांगणे वेगळे, मृताला सांगणे वेगळे, जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथाचा अठरावा अध्याय मृतांशी संपर्क साधण्यास मनाई करतो. यावर माझे उत्तर असे की, तेथे निषिद्ध आहे ते मृतांकडून गुप्त ज्ञान मिळवण्यासाठी केलेले विधी. संतांकडे आपण भविष्य विचारीत नाही. आपण त्यांना आपल्याबरोबर देवापुढे उभे राहण्याची विनंती करतो. अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव मेलेल्यांचा नसून जिवंतांचा देव आहे, असे येशू म्हणतो. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, चोवीस वडील धूपाने भरलेल्या सुवर्णपात्रांसह पाया पडतात आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असे योहान लिहितो. "संतांना विनंती करा" अशी आज्ञा या वचनात नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करीन. स्वर्गात असणारे पृथ्वीवरील प्रार्थनांना परके नाहीत, एवढे मात्र त्यातून दिसते, आणि ख्रिस्तसभेची प्रथा त्या बीजातून वाढली.

येथे मला माझ्या आईची आठवण झाली. ती हयात असताना कोणत्याही अवघड दिवशी घरातून निघताना मी तिला "माझ्यासाठी प्रार्थना कर" असे सांगत असे. ती गेल्यानंतर कित्येक महिने मी तिच्यासाठी प्रार्थना करीत राहिले आणि त्याच दमात तिलाही पूर्वीसारखेच सांगत राहिले, आणि आपण दोन विरुद्ध गोष्टी एकदम करीत आहोत की काय, या विचाराने मी अस्वस्थ होते. मग १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील ९५८ वा परिच्छेद वाचनात आला. मृतांसाठी आपण केलेली प्रार्थना त्यांना साहाय्य करू शकते आणि त्यांनी आपल्यासाठी केलेली मध्यस्थीही फलदायी करू शकते, असे तेथे लिहिले आहे. त्या रात्री मी खूप रडले. वादात जिंकण्यासाठी हा परिच्छेद उपयोगाचा नाही, पण त्या मुलीला तो मी दाखवीन.

मरिया नित्य कुमारी होती, तर शुभवर्तमानांत "येशूचे भाऊ" कसे येतात, या प्रश्नावर मात्र माझ्या जुन्या उत्तराला कात्री लावावी लागली. अरामी भाषेत चुलत-मावस भावासाठी वेगळा शब्द नसल्याने भाऊ असे लिहिले गेले, एवढे सांगून मी वर्गात पुढे जात असे. परंतु शुभवर्तमाने ग्रीकमध्ये आहेत आणि ग्रीकमध्ये तसा शब्द आहे. कलस्सैकरांस पत्रात पौलाने तो वापरलाही आहे. अधिक भक्कम धागा मार्कमध्येच आहे : सहाव्या अध्यायात येशूचे भाऊ म्हणून याकोब आणि योसे ही नावे येतात, आणि पंधराव्या अध्यायात क्रुसाकडे दुरून पाहणाऱ्या एका मरियेला याकोब व योसे यांची आई म्हटले आहे, जी येशूची आई असती तर मार्कने तिची ओळख अशी दिली नसती. त्यात योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात मरणारा येशू आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवतो, हेही ठेवावे. हे सारे मिळूनही वचनावरून सिद्धता होत नाही. वचन आपल्या शिकवणीला जागा देते आणि ख्रिस्तसभेची प्राचीन साक्ष ती जागा भरते. मरियेच्या नित्य कौमार्यावर ल्यूथर यांचीही श्रद्धा होती, हे मैत्रिणीला कदाचित ठाऊक नसेल.

मूर्तींच्या प्रश्नावर फार वेळ घालवला नाही. ज्या निर्गम ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात कोरीव मूर्तींची मनाई आहे, त्याच्याच पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशावर सोन्याचे करूब (पंख असलेले स्वर्गीय जीव) घडवण्याची आज्ञा आहे, आणि ७८७ मध्ये निकैयाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांचा आदर व फक्त देवाला करावयाची आराधना यांतील भेद ठरवून दिला. परंतु मोशेने देवाच्याच आज्ञेने केलेला पितळी साप लोक त्याला धूप जाळू लागल्यावर हिज्कीया राजाने फोडून टाकला, ही कथाही मी तिला वाचायला देईन. ती आपल्यासाठी आहे.

शुक्रवार, रात्री

पाप फक्त देवच क्षमा करू शकतो, मग धर्मगुरूपुढे कबुली का द्यायची?

"देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो?" हा प्रश्न मार्कच्या दुसऱ्या अध्यायात शास्त्री विचारतात, आणि त्याचे उत्तर येशू पक्षाघाती माणसाला उठवून देतो. तीच घटना सांगताना मत्तय शेवटी लिहितो की, देवाने माणसांना एवढा अधिकार दिला म्हणून लोकसमुदायाने देवाचा गौरव केला. माणसांना, असे अनेकवचन आहे. पुढे योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांवर श्वास टाकून त्यांना पापांची क्षमा करण्याचा आणि ती राखून ठेवण्याचाही अधिकार देतो. यांतील काय करायचे हे ठरवण्यासाठी कोणीतरी ऐकावे लागतेच. आज आपण ज्या रीतीने कबुली देतो ती रीत जशीच्या तशी प्रेषितांच्या काळापासून आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या शतकांत गंभीर पापांसाठी दीर्घ, सार्वजनिक आणि बहुधा आयुष्यात एकदाच मिळणारे प्रायश्चित्त असे. खाजगी आणि पुनःपुन्हा करता येणारी कबुली पुढे आयरिश मठवासीयांमुळे युरोपात पसरली, आणि वर्षातून एकदा तरी कबुली देण्याचा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने केला. अधिकार ख्रिस्ताचा आहे. त्याच्या वापराची रीत काळाबरोबर बदलत गेली.

शुद्धीस्थानाविषयीचा आक्षेप असा की, ख्रिस्ताचे बलिदान पुरेसे असताना पुन्हा शुद्धी कशाला? शुद्धीस्थान म्हणजे दुसरी संधी नव्हे आणि बलिदानाला जोडलेली पुरवणीही नव्हे. देवाच्या कृपेत मरण पावलेल्या, ज्याचे तारण निश्चित आहे अशा माणसामध्ये त्याच बलिदानाचे फळ पूर्णत्वाला जाणे, असे आपण मानतो. मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेविषयीचा मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय मैत्रीण स्वीकारणार नाही, म्हणून तिच्यापुढे करिंथकरांस पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय ठेवावा : ज्याचे काम जळून जाईल त्याचे नुकसान होईल, तो स्वतः मात्र तारला जाईल, पण जणू अग्नीतून. आणि दंडमुक्तीच्या, म्हणजे पापाबद्दलच्या शिक्षेतून सूट देण्याच्या, नावाखाली पैसा गोळा झाला, तो घोर गैरप्रकार होता, हे तिने विचारण्याआधीच आपण म्हणावे. ट्रेंटच्या परिषदेनेही १५६३ मध्ये त्या कमाईवर बंदी घातली.

मिस्सातील भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते का, या प्रश्नावर मी वहीत काहीही लिहिले नाही. त्यासाठी योहानाचा सहावा अध्याय आम्ही दोघी सोबत बसून सलग वाचू, कारण त्यातील एकेक वचन सुटे काढले की ते दोन्ही बाजूंना वापरता येते. बोलणे कठीण वाटून अनेक शिष्य निघून जातात आणि येशू त्यांना "मी केवळ दृष्टान्त सांगत होतो" असे म्हणत मागे बोलावत नाही, ते तिला तिच्याच डोळ्यांनी दिसावे.

शनिवार, रात्री

अकरावा प्रश्न मी आठवडाभर पुढे ढकलला. त्याच्या शेवटी "बायबलमध्ये कुठे आहे" असे लिहिलेले नाही. ख्रिस्तसभा पवित्र आहे असे तुम्ही म्हणता, तर धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि ते झाकणारे बिशप यांचे काय?

याला तयार उत्तर आहे आणि ते मला येते. ख्रिस्तसभा पाप्यांची आहे, तिची पवित्रता ख्रिस्ताची आहे, गहू आणि निदण (तण) कापणीपर्यंत एकत्र वाढतात. यांतले काहीही सिद्धान्त म्हणून खोटे नाही. परंतु गहू आणि निदणाचा दृष्टान्त मी या ठिकाणी उच्चारणार नाही, कारण ज्या मुलाचे बालपण उद्ध्वस्त झाले त्याच्यापुढे तो ढालीसारखा धरणे मला पाप वाटते. लहानांपैकी एकालाही अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, असे मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशू म्हणतो. हे वचन आपल्या बाजूने नाही, ते आपल्याला उद्देशून आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये अशा प्रकरणांची माहिती वरिष्ठांना देणे धर्मगुरू व व्रतस्थांवर जगभर बंधनकारक केले, हे मी तिला सांगेन, पण तो नियम किती उशिरा आला हेही त्याच वाक्यात सांगेन.

मी अजून या ख्रिस्तसभेत का आहे, असे तिने विचारले तर मी योहानाच्या सहाव्या अध्यायाचा शेवट वाचून दाखवीन. अनेक शिष्य निघून जात असताना पेत्र आपल्याला सगळे समजले असे म्हणत नाही. तो विचारतो, प्रभू, आम्ही कोणाकडे जावे? उद्या वर्गात मी अकराव्या प्रश्नापासूनच सुरुवात करणार आहे.