आखाजीला पोरगा वही घेऊन बसला, तर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतोच: मुलाची दहावी झाली, सुट्टीभर आजोबांकडे धरणगावला राहणार, घराण्याचा इतिहास लिहायचं त्याच्या डोक्यात बसलंय, सातबाऱ्यापासून सुरुवात करू का?

सातबारा थांबू शकतो, आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, थांबत नाही. त्या सकाळी उंबरठा पुजताना एकेका पितराचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट ओढतात. घरातली नावं अशी ओळीनं एरवी कधी कानावर पडत नाहीत. मुलानं वही घेऊन बाजूला बसावं, मध्ये बोलू नये. घागर भरून झाली, तिच्यावर डांगर (खरबूज), आंबा, सांजोऱ्या ठेवल्या, की मग बोटं मोजावीत आणि वहीतल्या नावांशी ताडून पाहावीत. एखादं बोट जास्तीचं निघालं तर ते बहुधा लहानपणी गेलेल्या मुलाचं किंवा आजोबांच्या पहिल्या बायकोचं असतं. तिथं बोट ठेवून विचारावं. त्या वर्षात कोणी गेलं असेल तर त्याचं डेरगं (घागरीसारखं मातीचं भांडं) वेगळं पुजतात, तेही लिहावं.

दुपारी माहेरवाशिणींकडे वळावं. वंशावळीच्या तक्त्यात बाप-लेक-नातू असे पुरुषच असतात. बायका असतात त्या या आत्याबाईंच्या तोंडी. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि लग्नाचं साल विचारावं. साल कोणी आकड्यात सांगत नाही, म्हणून खुणा पुढे कराव्यात: फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन (1936) आधी की नंतर, नंदुरबारला गोळीबारात शिरीषकुमार गेला (1942) तेव्हा पाळण्यात कोण होतं, बहात्तरच्या दुष्काळात कोण खडी फोडायला गेलं. पत्रिकेवर शके असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवायचे; जानेवारी ते पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर 79.

मग कागद. इथं माणसं अडकतात ती तालुक्या-जिल्ह्याच्या नावावर. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, नंदुरबार तर 1998 मध्ये धुळ्यातून निघालं. धरणगाव आधी एरंडोल तालुक्यात होतं, मुक्ताईनगरला एदलाबाद म्हणत. आजच्या नावानं अर्ज केला तर ‘नोंद आढळून येत नाही’ असं उत्तर मिळतं आणि माणूस घरी जातो. अर्जात दोन्ही नावं लिहा. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात जन्मतारीख असते, पण जुन्या नोंदीत ती बऱ्याचदा गुरुजींनी अंदाजानं घातलेली. ती एकटी धरू नका. जुना गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, त्यातली जुनी पानं मोडी लिपीत असतात. आणि ज्याला घरात ‘दादासाहेब’ म्हणतात तो कागदावर झिपरू, दगडू नाहीतर उखर्डू असतो. मूल जगावं म्हणून ठेवलेली ही नावं. ती माहीत नसतील तर माणूस समोरच्या पानावर असून सापडत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद आहेत, पण घराण्यात वतन किंवा कुलकर्णीपण नसेल तर तिथं आधी जाऊ नये.

आता तुम्ही न विचारलेलं. आखाजीला निंबाला झोके लागतात, गौराईची गाणी होतात, आणि पंधरा-सोळाचा पोरगा वही घेऊन आजीपेक्षा झोक्याजवळ जास्त दिसू लागतो. रागावू नका. तो एकाएकी भाऊबंदांची नाती खोदून विचारू लागला तर कारण ओळखा. बहुतेक वेळा आजीच एका वाक्यात निकाल लावते: “ती तुले बहीन लागस रे भाऊ.” तीन पिढ्यांवर पणजोबा एक निघतो आणि वहीचं ते पान कोरं राहतं. त्याची चेष्टा करू नये, आणि ती वही चारचौघांत वाचायला मागू नये.

नातं लागत नसेल तर जाऊ द्या त्याला त्या मुलीच्या घरी, वहीसकट. तिच्या आजीला आपल्या घराबद्दल विचारायला सांगा. कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कोणाच्या आजारपणात मळा विकला, हे आपली आजी गिळून टाकते. शेजारीण सालासकट सांगते. ते साल मिळालं की गटाचे सगळे फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी, उपसावे लागत नाहीत. त्याच्या आगेमागे दोन-तीन वर्षांचे पाहावेत, कारण खरेदी एका वर्षी आणि नोंद पुढच्या वर्षी असं पुष्कळदा होतं. विकणारा कोण, घेणारा कोण, किती रुपयांना, हे नोंदीत असतं.