कल्याणला अडवलेली जहाजे

रोमन साम्राज्य आणि आपला पश्चिम किनारा यांच्यातील व्यापाराविषयी बोलताना आपण बहुधा सोन्याच्या नाण्यांपाशीच थांबतो. भारताशी होणाऱ्या व्यापारापायी साम्राज्यातून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात, ही रोमन लेखक प्लिनीची तक्रार ठिकठिकाणी वाचायला मिळते. मला मात्र या व्यापाराचा खरा इतिहास कल्याणच्या खाडीत दिसतो. कोणत्या बंदराची भरभराट व्हावी आणि कोणते ओस पडावे, हे रोममध्ये बसून कोणी ठरवत नव्हते; किनारा आणि घाटवाटा ज्याच्या ताब्यात, तो ते ठरवत होता.

इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका अनाम ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या जलमार्गाचे वर्णन लिहिले. त्यात तो सांगतो की थोरल्या सरगनसच्या काळात कल्याण ही अधिकृत बाजारपेठ होती. परंतु ती संदनेसच्या हाती गेल्यापासून तेथील व्यापाराची फार अडवणूक होते आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला (गुजरातेतील आजचे भरूच) नेली जातात. सरगनस हा सातवाहन राजा सातकर्णी असावा असे मानतात. संदनेस कोण, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. त्या अडवणुकीचा लाभ कोणाला झाला, हे मात्र स्पष्ट आहे, कारण भडोच तेव्हा नहपानाच्या, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिस्पर्धी शक क्षत्रपांपैकी एका राजाच्या, राज्यात होते.

निसर्गाचा विचार केला तर भडोच हे अवघड बंदर. नर्मदेच्या मुखाशी उथळ वाळूचे पट्टे आहेत, आणि भरतीचे पाणी इतक्या वेगाने आत घुसते की नांगरलेली जहाजेही कलंडतात, असे हाच लेखक सांगतो. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी ‘त्रप्पगा’ आणि ‘कोटुंबा’ नावाच्या लांब होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जहाजांना सामोरे जात, भरतीच्या पाण्यावर ती ओढून आत आणत आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल जागी नांगर टाकून थांबवत. परक्या जहाजांसाठी सत्तेने एवढी तजवीज करावी, यावरूनच त्या व्यापारातील प्राप्तीची कल्पना येते. इटलीची मद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि स्थानिक चलनाशी बदलताना नफा देणारी सोन्याचांदीची नाणी भडोचला उतरत. हस्तिदंत, अकीक, सुती कापड आणि पिंपळी तेथून जात.

यातला पुष्कळसा माल दख्खनचा होता. पैठणहून अकीक आणि त्याच्याही पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तेरहून मलमल व जाडेभरडे कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येई. पैठण ते भडोच हा प्रवास वीस दिवसांचा होता. नकाशा समोर ठेवला की यातली ओढाताण लगेच लक्षात येते. पैठणहून जुन्नर, तेथून नाणेघाट उतरून थेट कल्याण, ही त्याहून पुष्कळ जवळची वाट होती आणि ती सातवाहनांची स्वतःची होती. घाटाच्या माथ्यावर लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि जवळच तो भला मोठा दगडी रांजण, ज्यात जकात गोळा होई असे परंपरा सांगते. घाट जागेवरच होता. त्याच्या पायथ्याचे बंदर मात्र परक्या जहाजांना बंद झाले होते.

क्षत्रपांनी केवळ अडवणूक केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेण्यातील लेखात भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे बांधलेल्या धर्मशाळांचा, तसेच इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डाहणुका या नद्यांवर ठेवलेल्या मोफत तरींचा उल्लेख आहे. यांतल्या ओळखू येणाऱ्या नद्या भडोच आणि सोपारा यांच्या दरम्यान किनाऱ्याला मिळतात. म्हणजे समुद्राने येणारा माल भडोचकडे वळवणाऱ्या सत्तेने खुष्कीचा किनारामार्गही सोयीचा करून ठेवला होता. हे दान धर्मासाठी केलेले आहे, यात मला शंका नाही. पण त्या तरींतून यात्रेकरूंइतकेच व्यापारीही पार झाले असणार.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला आहे. ती नाणी जवळून पाहिली तर नहपानाच्या चेहऱ्यावरच त्रिकूट डोंगराचे चिन्ह उमटलेले दिसते, आणि खालून नाकाची किंवा केसांची रेषा अजून डोकावत असते. चांदी वितळवण्याचीही गरज त्याला वाटली नाही. चलन तेच राहिले, धनी बदलला.

कल्याणही पुन्हा उभे राहिले. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी, सोनार आणि लोहार भेटतात, आणि सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीकभाषक लेखक तांबे, लाकूड व कापड निर्यात करणारे मोठे व्यापारी ठिकाण म्हणून कल्याणचे नाव नोंदवतो.