बाळाला भूक लागली होती

मी नाशिकची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली. सध्या जपानमधल्या एका वृद्धाश्रमात काइगोचं, म्हणजे शुश्रूषेचं काम करते. आई फोनवर म्हणते, "तिकडे सगळं रोबोटच करत असतील, तुला काय काम?" माणसाला उचलणारा तो अस्वलाच्या तोंडाचा रोबेअर 2015 साली गाजला खरा, पण आमच्या मजल्यावर डायपर अजून माझेच हात बदलतात. यंत्रं दोनच. एक गादीखालची पट्टी. ती श्वास आणि ठोके टिपते, कोणी उठलं की टॅबलेट वाजवते. दुसरा पारो.

पारो म्हणजे सील या समुद्री प्राण्याचं पांढऱ्याशुभ्र केसांचं रोबोट-पिल्लू. तो बनवणाऱ्या ताकानोरी शिबाता यांनी सील मुद्दाम निवडला: कुत्रा-मांजर केलं तर लोक खऱ्याशी ताडून बघतात, सील कोणी पाळलेला नसतो. वजन अडीच किलोच्या वर, तान्ह्या बाळाएवढं. गोंजारलं की मान वळवतो, डोळे मिटतो.

त्या रात्री वीस जणांमागे मी एकटी. अडीचला टॅबलेट वाजला. डिमेन्शिया असलेल्या आजी (इथे आजी म्हणायचं नाही, आडनावाला 'सान' लावायचं, मी मनात म्हणते) पलंगाच्या कडेला बसलेल्या, पारो छातीशी घट्ट.

"हा हलत नाही गं."

हात थरथरत होते त्यांचे. बॅटरी संपली होती. संध्याकाळी चार्जिंगला लावायचं मीच विसरले होते.

"भूक लागली असेल," माझ्या तोंडून निघून गेलं. खोटं बोलल्याचं वाईट वाटत होतंच, पण पाय चार्जर आणायला धावले. पारोचा चार्जर चोखणीसारखा असतो, त्याच्या तोंडातच घालायचा.

मी तो घाईघाईत खुपसायला गेले, तर आजी रागावल्या. "अशी देतात का?" चोखणी माझ्या हातातून घेतली, पारोचं डोकं कोपराच्या खळगीत टेकवलं आणि हळूच तोंडात दिली. जेवताना या हाताला चमचा धरवत नाही.

मी वायर धरून जमिनीवर बसले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीची बेल वाजली.

"जा तू. मी आहे याच्याजवळ."

गेले. परत आले तर दोघंही झोपलेली. वायर हलकेच सोडवली.

सकाळी हॅन्डओव्हरला सगळं सांगितलं. लीडरबाईंनी शांतपणे विचारलं, "वायर त्यांच्या अंगावर असताना तू खोलीबाहेर होतीस?"

"दोन मिनिटं."

त्यांनी हियारी-हात्तोचा, म्हणजे 'थोडक्यात टळलं'चा फॉर्म पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: चार्ज करायला विसरले.