नववा प्रश्न कोण विचारणार?

सातपुड्यात वरच्या अंगाला असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी बाजाराच्या दिवशी ठेवलेली असते. त्या दिवशी पाड्यावरून जीप मिळते आणि बाईला घरून निघायला निमित्तही मिळतं. मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून मी, एक सोशल वर्कर आणि एक नर्स, असं आमचं पथक खालून येतं. पावसाळ्यातल्या अशाच एका ओपीडीला उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी तिशीच्या आतबाहेरची एक बाई पाठवली होती. चिठ्ठीवर अंगदुखी, धडधड, झोप नाही, दोनदा सलाईन, एवढं होतं. खाली पेनाने आणखी एक ओळ होती: 'काही बोलत नाही, डोळ्यांत पाणी येतं.' ही ओळ लिहायला सीएचओला अर्धा मिनिट लागला असेल, पण तिच्यामुळेच बाई तिसऱ्या सलाईनऐवजी आमच्यापर्यंत आली.

बाई पावरी ही आदिवासी बोली बोलणारी होती. मराठी कानाला समजायची, तोंडात नव्हती. सोबत जेठ (थोरला दीर) आला होता, तोच सगळं सांगणार होता.

नैराश्यासाठी आम्ही पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारण १० किंवा जास्त आले की नीट मुलाखत घ्यायलाच हवी. जेठाच्या तोंडून आलेली बेरीज ७ झाली. पण हे ७ आले कुठून, ते पाहायला हवं. सगळे गुण झोप, थकवा आणि भूक या तीन प्रश्नांवर होते. हे तिन्ही रक्त कमी असलं तरी वाढतात, आणि या पट्ट्यात ॲनिमिया भरपूर आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. उदास वाटणं, स्वतःला कमी लेखणं आणि जिवाचं काही करावंसं वाटणं (हाच तो नववा प्रश्न), या प्रश्नांना मात्र सपाट शून्य. बाईने तोंड उघडायच्या आत जेठ 'नाही, नाही' म्हणून मोकळा होत होता. त्याचा यात काडीचा दोष नाही. मजुरी बुडवून, जीपचं भाडं भरून त्याने तिला आणलं होतं. पण भावजयीच्या मनात मरणाचा विचार येतो का, हे जेठाने विचारायचं आणि तिने त्याच्यासमोर सांगायचं, हे होणारच नव्हतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. नातेवाईक दुभाषी झाला की तो हक्क तिथेच संपतो.

म्हणून प्रश्नावली थांबवली. हिमोग्लोबिन आणि सिकलसेलच्या तपासणीचा कागद घेऊन जेठाला प्रयोगशाळेच्या रांगेत पाठवलं आणि त्याच रुग्णालयातल्या किशोरवयीन आरोग्याच्या समुपदेशक ताईंना बोलावलं. त्या एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या, त्याच तालुक्यातल्या, घरात पावरी बोलणाऱ्या. आमच्याकडे त्यांचं प्रशिक्षण चालू होतं.

त्यांनी काय केलं ते बारकाईने सांगतो, कारण खरं कौशल्य तिथे आहे. टेबल मध्ये ठेवलं नाही. बाकावर थोडं तिरकं बसल्या. कागद उलटा ठेवला. आधी कालचा दिवस विचारला: उठलीस कधी, पाणी कोणी आणलं, भाकरी कोणी केली, जेवलीस का, रात्री जाग आली तेव्हा काय करत होतीस. दहा-बारा मिनिटं एवढंच. मग दोन आठवडे मोजायचे होते, तर 'मागच्या दोन बाजारांपासून' अशी खूण धरली. कागदावर चौदा रेघा मारल्या आणि किती रेघांवर असं झालं ते बोटाने झाकायला सांगितलं. एखादी रेघ म्हणजे ०, दोन ते सहा म्हणजे १, सात ते अकरा म्हणजे २, बारा ते चौदा म्हणजे ३. प्रश्नाचा अर्थ बदलला नाही, गुणांकनही बदललं नाही; फक्त मोजायची रीत तिच्या हाताला सोपी करून दिली.

या वेळची बेरीज १७ आली. नवव्या प्रश्नाला तिने सहा रेघा झाकल्या.

गुजरातेत ऊसतोडीला गेले असताना तिचं सहा महिन्यांचं बाळ दगावलं होतं. घरी आल्यावर त्याविषयी कोणी बोललं नव्हतं. ताईंनी पुढचे प्रश्न न चुकवता विचारले: कसं करायचं ते ठरवलं आहेस का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केलास का, कशामुळे थांबतेस. आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार डोक्यात भरतो, ही भीती कर्मचाऱ्यांमध्ये अजून आहे आणि ती चुकीची आहे. सरळ विचारलं की बहुतेक माणसांना हायसं वाटतं. ठरवलेलं काही नव्हतं, पण फवारणीचं औषध घरातच होतं.

जेठाला काय सांगायचं आणि काय नाही, हे आधी तिला विचारलं. तिच्या संमतीने एवढंच सांगितलं: दुःखाने आजारी आहे, औषध लागेल, महिनाभर एकटी ठेवू नका, फवारणीचा डबा आजच घराबाहेर काढा आणि कुलपात ठेवा. त्याने तो शेतावरच्या भावाकडे ठेवला. मनोविकारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली, पण जोखीम असल्यामुळे एका वेळी चौदाच दिवसांची. असर दिसायला दोन-तीन आठवडे लागतात हे पावरीत सांगून, तिच्याकडून परत वदवून घेतलं. हे सांगितलं नाही, तर पाचव्या दिवशी रुग्ण गोळ्या बंद करतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला, पण पाड्यावर रेंज नसते, म्हणून रात्री जायचं ठिकाण म्हणून आशाताईंचं घर पक्कं केलं. हिमोग्लोबिन ७.८ आलं. लोहाच्या गोळ्याही सोबत गेल्या.

आता मुद्द्याचं: बोली जाणणारी अशी माणसं आणायची कुठून? राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत; खानदेशात एकही नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्यासाठीचा आजवरचा रूढ मार्ग म्हणजे देखरेखीखालचं पूर्णवेळ दोन वर्षांचं एमफिल. सातपुड्यातल्या धडगावची मुलगी त्यासाठी पुण्याला, बेंगळुरूच्या निम्हान्सला किंवा रांचीला जाणार, आणि परत येऊन अकरा महिन्यांच्या करारावर बसणार. किती जणी येतील?

बोलींचा पसारा तर बघा. धडगावला पावरी, अक्कलकुव्याकडे भिलीची वेगवेगळी रूपं, नवापूरला मावची, धुळ्यात अहिराणी, रावेर-यावलला लेवा बोली. सगळ्या बोलींचे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तयार होईपर्यंत थांबता येत नाही, आणि थांबायची गरजही नाही. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. त्याने फरक पडतो, हे २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पण तिथे देखरेख होती. आपल्याकडे तीन दिवसांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो होतो; दोन महिन्यांनी तीच व्यक्ती रुग्णाला 'टेन्शन घेऊ नका' म्हणत असते.

आमच्याकडे क्रम असा: आधी नुसतं बसून बघायचं, मग जोडीने, मग आम्ही मागे बसून, आणि त्यानंतर एकटीने. आठवड्यातला एक तास फोनवर केस चर्चेला राखलेला. गर्दी कितीही असो, तो तास मोडायचा नाही, कारण पहिल्यांदा कात्री नेहमी त्यालाच लागते. कोणते रुग्ण स्वतःकडे ठेवायचे नाहीत हेही ठरलेलं: भास किंवा भ्रम, आधी कधी उन्मादाचा झटका, दारू सोडताना फिट किंवा थरथर, आणि नवव्या प्रश्नासोबत ठरलेला बेत.

स्थानिक माणूस घेण्याची एक अडचण लोक लक्षातच घेत नाहीत. तालुका लहान, नाती गुंतलेली. समोर आलेली बाई ताईंच्या मावसजावेची बहीण निघते. नात्यातला रुग्ण बघायचा नाही हा नियम पाळायचा तर एका बोलीची एकच समुपदेशक पुरत नाही, किमान दोघी हव्यात. पण मी पाहिलेल्या भरतीच्या जाहिरातींत टायपिंग आणि एमएससीआयटी विचारलेलं असतं, बोलीला एक गुणही नसतो. हे बदलायला वेगळा निधी लागत नाही. निवडीच्या निकषांत एक ओळ वाढवावी लागते.

त्या बाईची बेरीज तिसऱ्या भेटीला ९ वर आली, नवव्या प्रश्नाला शून्य. दिवाळीनंतर कुटुंब पुन्हा ऊसतोडीला जाईल, म्हणून औषधाचं नाव, मात्रा, निदान आणि १४४१६ एवढं लिहिलेली लॅमिनेट केलेली चिठ्ठी तयार आहे. ती गुजरातेतल्या सरकारी दवाखान्यातही दाखवता येईल. ताईंचा करार साधारण त्याच सुमाराला संपतो. नूतनीकरणाच्या प्रस्तावात आम्ही दुसऱ्या पावरीभाषक समुपदेशकाचं पद मागितलं आहे आणि देखरेखीचा तो तास दोघींच्या कामाच्या यादीत लेखी घातला आहे.