उपासना चालू असताना कोणाला फिट आली तर

उपदेश ऐन रंगात असताना तिसऱ्या बाकावरचं कोणी ताठ होऊन कोसळलं, की मंडळीत तीन गोष्टी हमखास होतात. कोणी चप्पल हुंगवायला धावतं, कोणी मुठीत किल्ल्या कोंबतं आणि कोणी दुरात्म्याला मोठ्याने धमकावू लागतं. मेंदूच्या पेशींमधली विजेची ही गडबड बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून श्रेय चपलेला मिळतं.

आधी घड्याळ पाहा. बाक, खुर्च्या, माइकचा स्टँड बाजूला करा. डोक्याखाली घडी केलेली ओढणी ठेवा, चष्मा काढा, कॉलर आणि टाय सैल करा. हातपाय दाबून धरू नका, त्याने खांदा निखळू शकतो. तोंडात चमचा, रुमाल, बोट काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही. उलट तुटलेला दात श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. झटके ओसरले की लगेच एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. कपड्यात लघवी झाली असेल तर अंगावर शाल टाका आणि भोवतालची गर्दी पांगवा. शुद्धीवर आल्यावर सगळ्यांसमोर ओले कपडे, ही लाज कित्येकांना झटक्यापेक्षा जास्त छळते.

नंतर काही वेळ माणूस गोंधळलेला असतो. एकानेच जवळ बसून हळू आवाजात नाव घ्यावं, आपण कुठे आहोत ते सांगावं. पूर्ण भान येईपर्यंत पाणी, गोळी किंवा प्रभुभोजनाची भाकर, काहीच देऊ नये. झटके 5 मिनिटांपेक्षा जास्त चालले, शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, आयुष्यातली पहिलीच असली, डोक्याला मार लागला किंवा बाई गरोदर असली, तर 108 ला फोन करा. प्रार्थना ॲम्ब्युलन्समध्येही करता येते.

प्रत्येक फिटमध्ये माणूस पडतोच असं नाही. संडेस्कूलमधलं एखादं मूल वचन म्हणता म्हणता पाच-दहा सेकंद शून्यात पाहतं आणि पुन्हा सुरू होतं. दिवसातून अनेकदा असं होत असेल तर त्याला ‘लक्ष देत नाही’ म्हणून ओरडू नका, पालकांना सांगा. मोठ्यांमध्ये कोणी ओठ चाटत राहतं, बटणांशी चाळा करतं, प्रार्थना चालू असताना उठून चालू लागतं. अशाला धरून ठेवू नये; पायऱ्या आणि मेणबत्त्यांपासून हलकेच दूर न्यावं.

आता दुरात्म्याचा प्रश्न. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायातला मुलगा, ज्याला दुरात्मा आपटतो आणि तोंडाला फेस येतो, तो सगळ्यांना पाठ असतो आणि त्याच्यावरून प्रत्येक रोग्याचा निकाल लावला जातो. पण मत्तय 4:24 मध्ये आजाऱ्यांची यादी आहे, तिथे भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी, म्हणजे फिट येणारे, वेगळे मोजले आहेत. शिवाय मार्कच्या त्याच प्रसंगात येशू मुलाच्या बापाला आधी विचारतो, हे याला केव्हापासून होतं? न्यूरॉलॉजिस्टचाही, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांचाही, पहिला प्रश्न हाच असतो. चर्चचा इतिहास मात्र फारसा अभिमानास्पद नाही. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायद्यात अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, असलेल्यांना वेडे आणि भूतग्रस्त यांच्याच ओळीत बसवून याजकपदाला अपात्र ठरवलं होतं. 1983 च्या कायद्यात अपस्माराचा तो उल्लेख राहिला नाही.

कोणतं पाप केलं म्हणून खोदत बसण्यापेक्षा कारणं पाहावीत. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणं, डोक्याचा जुना मार, पक्षाघात, मेंदूचा टीबी. भारतात मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या अळ्या हेही मोठं कारण आहे, आणि ते डुकराचं मांस खाणाऱ्यांपुरतं नाही. अंडी घाण पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणूसही सुटत नाही.

सर्वांत घातक सल्ला म्हणजे ‘विश्वास ठेव आणि गोळ्या सोड’. गोळी एकदम बंद केली की फिट उसळून येते, कधी थांबतच नाही, आणि जीव जाऊ शकतो. योग्य औषधाने सुमारे 70 टक्के लोकांच्या फिट थांबू शकतात. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरच ठरवतील. व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध चालू असलेल्या मुलीने लग्न ठरतानाच डॉक्टरांशी बोलावं, कारण गरोदरपणात त्याचा बाळाला धोका असतो. तरी तेही आपल्या मनाने बंद करू नये.

आपल्याच काही प्रथा इथे अडचणीच्या ठरतात. उपास-प्रार्थनेत गोळीची वेळ चुकते, रात्रभराच्या प्रार्थनेत झोप बुडते, आणि अपुरी झोप हे फिटचं अगदी नेहमीचं निमित्त. 31 डिसेंबरच्या रात्री अशा भावाबहिणीला ‘लवकर घरी जा’ असं पाळकांनी आपणहून सांगावं, म्हणजे अपराधी वाटत नाही. नदीतला बाप्तिस्मा असेल तर कंबरभर पाणी, दोन्ही बाजूंना एकेक धट्टाकट्टा माणूस आणि डॉक्टरांची परवानगी. शिबिरात खालचा पलंग द्यावा, पोहायला एकट्याने सोडू नये.

फिटचा व्हिडिओ डॉक्टरांच्या फार कामाचा असतो, पण तो घरच्यांकडेच राहावा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव आणि आजार लिहून प्रार्थनेची विनंती टाकली, की मुलीचं स्थळ मोडायला तेवढी एक ओळ पुरते. आधी तिला विचारा. ती ‘नको’ म्हणाली तर नाव न घेता प्रार्थना करा.