पावसात सीडी अडकते, स्टेशन पुसलं जातं
आज घोडबंदर रोडला दिवसभर पाऊस, गाड्यांच्या काचा बंद, एसी चालू. अशा हवेत स्टिरिओत सीडी टाकली की 'एरर' येतो. सीडी खराब नसते, आतल्या लेन्सवर दव धरलेलं असतं. सीडी बाहेर काढा, तासभर थांबा. लगेच लेन्स क्लीनर घालू नका. सीडी पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल कधीच नाही. आणि कागदी लेबल चिकटवलेली सीडी गाडीत नकोच! उन्हात तापून लेबलची कड सुटते आणि आत गुंडाळते, मग पूर्ण स्टिरिओ खोलावा लागतो.

रेडिओचं वेगळं. स्टेशन लागलं की १ ते ६ पैकी एक बटण बीप येईपर्यंत दाबून धरा, सेव्ह होतं. किल्ली बंद केल्यावर सेव्ह केलेली स्टेशनं पुसली जात असतील तर बहुतेक पिवळी आणि लाल वायर उलटी जोडलेली असते. पिवळी थेट बॅटरीची, मेमरी तिच्यावर टिकते. लाल किल्लीची.

आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी एएमवर (मीडियम वेव्ह) ५५८ किलोहर्ट्झवर. स्टिरिओ ५५० वरून एकदम ५६० वर उडी मारतो? सेटिंग अमेरिकेचं आहे. आपल्याकडे ९ च्या टप्प्याने जावं लागतं, मेनूत एरिया बदला.

गायमुखच्या घाटात एफएम खरखरलं तर सेटला हात लावू नका, डोंगर आड येतो. पुढे आपोआप लागतं.